प्लायवूडमधला भूप

पनवेलमध्ये लाकडाची पारख बोटाच्या पेरानं होते. कपाट असो, दिवाण असो की देव्हारा, गिऱ्हाईक आधी त्यावर दोनदा टकटक करणार, कान देऊन ऐकणार आणि मग दुकानदाराला विचारणार, ‘‘सागवान आहे ना?’’ दुकानदार ‘‘प्लाय आहे, पण चांगल्यातला,’’ असं म्हणाला, की स्थळ बघायला आलेल्यांना मुलाची नोकरी कंत्राटी असल्याचं पोहे खाऊन झाल्यावर कळावं, तसे चेहरे होतात. घरी आल्यावर त्या दुकानाबद्दल एकच वाक्य निघतं : ‘‘सगळा प्लाय भरून ठेवलाय.’’

हीच मंडळी हल्ली युकुलेले हे छोटं चारतारी वाद्य घ्यायला निघू लागली आहेत. आणि निघतात ती सहकुटुंब. वाजवणार असते नववीतली मुलगी. पण पैसे बाबांचे, शंका आईच्या, आणि ‘‘मला वाद्यातलं कळतं,’’ हा दावा मामांचा. मामांनी कॉलेजात असताना गणेशोत्सवाच्या ऑर्केस्ट्रात एका सीझनला खुळखुळा वाजवलेला असतो. दुकानात शिरल्यावर मामा भिंतीवरचं पहिलं युकुलेले उतरवतात, पाठीवर टकटक करतात आणि दुकानातल्या मुलाला विचारतात, ‘‘सॉलिड आहे का लॅमिनेट?’’ हे दोन शब्द मामा काल रात्रीच शिकलेले असतात. मुलगा लॅमिनेट म्हणजे काय ते समजावून सांगतो. बाबा एकदम ताठ होतात. ‘‘म्हणजे प्लायच की!’’

नेमका इथे घोटाळा होतो. फर्निचरच्या दुकानात कमावलेला सागवानी बाणा इथे भलत्याच वाटेला नेतो. पनवेलमध्ये राहणाऱ्या आणि नव्यानं शिकणाऱ्या माणसानं प्लायवूडचंच युकुलेले घ्यावं. नाइलाजानं नव्हे, मागून घ्यावं.

कारण हवेत आहे. सॉलिड म्हणजे वाद्याची तबली (सतार करणाऱ्यांचा हा शब्द पुढच्या फळीला चपखल बसतो) अखंड लाकडाची. ती असते जेमतेम दोन मिलिमीटर जाड. इतकी पातळ, म्हणून तारेबरोबर थरथरते, भरदार बोलते आणि वाजवता वाजवता आणखी खुलते. हे सगळं खरं. पण असं लाकूड 45 ते 55 टक्के आर्द्रतेत सुखी असतं, आणि पनवेलची आर्द्रता जुलैत नव्वदीच्या आसपास मुक्काम ठोकून असते. मिठाच्या बरणीत तांदळाचे दाणे टाकावे लागतात, न्हाणीघराचं दार बंद करायला खांदा लावावा लागतो, चपलांना बुरशी येते. अशा गावात दोन मिलिमीटरच्या फळीनं करायचं काय? ती हवेतलं पाणी पिते आणि पोट काढते. पोटावरची घोडी वर उचलली जाते, तारा पडद्यांपासून लांब जातात, दाबायला जोर लागतो आणि जोरानं दाबलेली तार चढी बोलते. मुलगी म्हणते बोटं दुखतात. आई म्हणते, चार दिवसांत कंटाळलीस. मग कुणीतरी त्या खोलीत एसी लावून ठेवतं आणि तीच फळी आक्रसायला लागते. आक्रसणं हे फुगण्यापेक्षा वाईट, कारण तडा जातो तो तेव्हा.

प्लायमध्ये लाकडाचे पातळ पापुद्रे एकाच्या रेषा उभ्या, दुसऱ्याच्या आडव्या, असे चिकटवलेले असतात. एक फुगायला लागला की दुसरा त्याला धरून ठेवतो. आवाजाचा एखादा पदर कमी ऐकू येतो, नाही असं नाही. पण तो पदर ओळखणारा कान बरीच वर्षं वाजवल्यावर तयार होतो, आणि वरच्या मंडळींत तसा कान कुणाचाच नाही. मामांचा तर नाहीच. हवेच्या बाबतीत युकुलेलेची एक बाजू मात्र भक्कम आहे. त्याच्या तारा नायलॉनच्या किंवा फ्लुरोकार्बनच्या असतात. गिटारच्या पोलादी तारा दमट हवेत गंजून बोटं काळी करतात, ती भानगड इथे नाही.

गंमत म्हणजे या वाद्याचा जन्मच फर्निचर करणाऱ्यांच्या हातून झाला. 23 ऑगस्ट 1879 रोजी ‘रेव्हन्सक्रॅग’ नावाचं जहाज होनोलुलूच्या बंदराला लागलं. अटलांटिकमधल्या मदेरा बेटावरून चारशेहून जास्त पोर्तुगीज माणसं हवाईच्या उसाच्या मळ्यांत राबायला आणली होती. चार महिने समुद्रात काढून आलेल्या या लोकांनी उतरल्यावर रस्त्यात गाणीबजावणी सुरू केली आणि होनोलुलूच्या वर्तमानपत्राला त्यांची दखल घ्यावी लागली. त्यांत मानुएल नुनेस, ऑगस्तो दियास आणि जुझे दो एस्पिरितो सांतो हे तिघं लाकूडकाम करणारे. मळ्यातून सुटका झाल्यावर त्यांनी होनोलुलूत दुकानं थाटली. कपाटं-खुर्च्यांच्या जोडीला ते आपल्या गावाकडचं ‘माशेत’ हे छोटं चारतारी वाद्य तिथल्या कोआ लाकडात करू लागले. तेच आजचं युकुलेले. कोआ म्हणजे बाभळीच्या कुळातलं झाड. वनखात्यानं आणि सामाजिक वनीकरणानं कोकणभर लावलेली ती ऑस्ट्रेलियन बाभूळ कोआची चुलतबहीण लागते. तिच्या नशिबी मात्र सरपण आलं.

हवाईचा राजा कालाकौआ याला हे वाद्य इतकं आवडलं, की त्यानं ते राजवाड्यातल्या समारंभांत नेलं. हाच राजा 1881 मध्ये जगप्रदक्षिणेला निघाला आणि कलकत्त्याहून मुंबईला येऊन गेला. पनवेलला तेव्हा रेल्वे नव्हती, त्यामुळे पनवेलकरांची भेट हुकली. पोर्तुगीजांचं म्हणाल, तर तेही जवळच होते. चौल-रेवदंड्याला दोनशे वर्षं ठाण मांडून होते. त्यांनी मिरची दिली, काजू दिला, पावाची सवय लावली. चारतारी वाद्य द्यायचं तेवढं राहून गेलं.

त्याची उणीव पनवेल-उरण पट्ट्याला भासली असं मात्र नाही. इथल्या आगरी-कोळी हळदीत बेंजो वाजतो आणि तो वाजला की नव्वदीची आजीही पदर खोचते. हा बेंजो अमेरिकेतल्या बँजोच्या जातीचा नव्हेच. टाइपरायटरसारखी बटणं दाबून वाजणारा बुलबुल तरंग विजेवर चढवला, ध्वनिवर्धकाला जोडला आणि झाला बेंजो. या बुलबुल तरंगाचं मूळ जपानात. नागोयाच्या गोरो मोरिता यांनी 1912 मध्ये तैशोगोतो नावाचं वाद्य काढलं, ते आपल्याकडे येऊन रुळलं. दिग्दर्शक रवी जाधव यांनी 2016 मध्ये रितेश देशमुखला घेऊन याच वाद्यावर अख्खा हिंदी चित्रपट काढला. तेव्हा परदेशी तारेचं वाद्य आपल्याकडे चालेल का, ही आईची शंका पनवेलनं केव्हाच मिटवलेली आहे.

आता मापं. सोप्रानो, कॉन्सर्ट, टेनर, बॅरिटोन अशी चार. सोप्रानो साधारण 21 इंच लांब, कॉन्सर्ट 23, टेनर 26, आणि बॅरिटोन त्याहून मोठं. इथे बाबांचं गणित सुरू होतं. पैशात थोडाच फरक असेल तर मोठं घ्यावं, पोरगी वाढत्या अंगाची आहे! गणवेश असाच घेतो आपण. पण बॅरिटोनची जुळणीच वेगळी असते. ती गिटारच्या खालच्या चार तारांसारखी असल्यानं बाकी तिन्ही मापांसाठी छापलेल्या कॉर्ड्‌स त्यावर वाजवल्या, की भलतंच काही ऐकू येतं. सोप्रानो लहान आहे म्हणून पोरांचं, हाही गैरसमज. मूळ माप तेच. बोटं जाड असतील किंवा पडदे फार जवळजवळ वाटत असतील तर कॉन्सर्ट घ्यावं. नवशिक्याचा प्रश्न बहुतेक वेळा तिथेच सुटतो.

दुकान कुठलं, हा प्रश्न पनवेलमध्ये प्रतिष्ठेचा. बाजारपेठेत पेटी, तबला, ढोलकी, टाळ हे सगळं मिळतं, कारण भजनी मंडळं आहेत आणि ती दर श्रावणात काही ना काही फोडतात. युकुलेले दिसलं तर एखादं, खेळण्यांच्या शेजारी, निळ्या रंगाचं, डॉल्फिन काढलेलं. चार-पाच वाद्यं हातात घेऊन तोलायची असतील तर हार्बर लाइन पकडून सीएसएमटी आणि तिथून चालत धोबी तलाव. तिथे 1865 ची परंपरा सांगणारं फर्टाडोज आहे. मोबाइलवरून मागवणं सोपं पडतं, पण खोक्यातून आलेल्या वाद्याला घरी आल्यावरच पहिल्यांदा भेटता येतं. किमतींचा ढोबळ अंदाज असा : दीड हजाराच्या खाली मिळतं ते भिंतीवर छान दिसतं. तीन ते सात-आठ हजारांत कामाचं, इमानदार लॅमिनेट मिळतं. सॉलिड तबलीसाठी दहाच्या पुढे जावं लागतं. आणि होनोलुलूच्या कामाका घराण्याचं, 1916 पासून बनत आलेलं अस्सल कोआचं हवं असेल, तर हजार डॉलरच्या पुढची तयारी हवी. हा आकडा ऐकल्यावर बाबा आपोआप प्लायच्या बाजूला येतात.

अस्सल कोआ या शब्दांनाही जपून राहावं. 1915 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या मोठ्या प्रदर्शनात अमेरिकेनं युकुलेले ऐकलं आणि देशाला वेड लागलं. लगेच अमेरिकेतल्या कारखान्यांनी धडाधड युकुलेले काढून त्यांवर हवाईचं नाव ठोकलं. हवाईच्या लोकांना अखेर आपल्या खऱ्या मालावर ‘टाबू’ असा शिक्का मारावा लागला. दर एप्रिलमध्ये कर्नाटकच्या आंब्याला देवगडच्या खोक्यात बसवलेलं पाहणाऱ्या पनवेलकराला यात नवं काहीच वाटणार नाही. हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं 2018 मध्ये. हवाईवाले त्या बाबतीत आपल्या शंभर वर्षं पुढे.

मग चांगलं ओळखायचं कसं? टकटक करून नव्हे. बारावा पडदा हे त्याचं उत्तर आहे. तार मोकळी छेडली की जो सूर येतो, तोच बाराव्या पडद्यावर वरच्या सप्तकात यायला हवा. मोबाइलवर ट्यूनर लावून चारही तारांवर हे पाहावं. काटा फार हलत असेल, तर वाद्याचं मापच चुकलेलं आहे आणि रियाजानं ते सुधारत नाही. मग प्रत्येक तार प्रत्येक पडद्यावर एकदा वाजवावी. हे करताना दुकानदार जांभई देईल, देऊ द्यावी. कुठे खरखर आली तर वाद्य परत भिंतीवर. बाराव्या पडद्यावर तार आणि पडदा यांत अडीच-तीन मिलिमीटरचं अंतर चालतं. त्याहून जास्त असेल तर बोटांचे हाल. दांडीच्या कडेनं तळहात फिरवावा, पडद्यांची टोकं टोचली तर तिथेच थांबावं. खुंट्या दाताळ्या, म्हणजे आत छोटे गिअर असलेल्या बघाव्यात. जुन्या पद्धतीच्या नुसत्या घर्षणाच्या खुंट्या नखभर फिरवल्या, की सूर पनवेलहून पेणला जातो. घोडी तबलीला चिकटलेल्या जागी कागदाची कड आत जाते का, तेही पाहावं. गेली तर गोंद सुटायला लागलाय. एवढं केलं की झालं. लाकडाचं नाव विचारायची गरजच उरत नाही.

मामांचा मोठा आक्षेप मात्र अजून बाकी असतो. ते वरून खाली एकेक तार छेडतात आणि दुकानाला ऐकू जाईल असं म्हणतात, ‘‘उलटी लावलीय!’’ सगळ्यांत वरची तार जाड, खर्जातली असायला हवी, ती इथे पातळ आणि उंच बोलते. दुकानातल्या मुलाला हे रोज ऐकावं लागत असावं. युकुलेलेची जुळणीच तशी. तानपुरा तरी कुठे ओळीत लागतो? आधी पंचम, मग जोड, आणि खर्ज सगळ्यांत शेवटी.

आणि इथेच पेटी शिकलेल्या कुणाचेही कान टवकारायला हवेत. युकुलेलेची दुसरी तार पांढरी एकला लागते. तिला सा धरलं, तर चार मोकळ्या तारा वाजतात प, सा, ग, ध. चारही मध्य सप्तकातले. सा, रे, ग, प, ध हा झाला भूप. त्यातला रे तेवढा कमी, तो साच्या तारेवर दुसऱ्या पडद्यावर तयार आहे. गाण्याच्या क्लासला पहिल्या महिन्यात जो राग शिकवतात, तो होनोलुलूच्या सुतारांनी मोकळ्या तारांत जवळजवळ जुळवून ठेवलाय. वादी गंधार, संवादी धैवत, दोन्ही हात न लावता वाजतात. मींड काढता येत नाही, हे कबूल. पण पेटीवर तरी कुठे निघते? आकाशवाणीनं 1940 पासून तीस वर्षं पेटीला दारात उभं केलं नव्हतं आणि आपली संगीत नाटकं तिच्याशिवाय उभी राहत नव्हती.

एवढं ऐकूनही ‘‘हे खेळणंच’’ असं मामांना वाटत असेल, तर त्यांना जेक शिमाबुकुरोचं वादन ऐकवावं. जॉर्ज हॅरिसनचं एक बीटल्सगीत त्यानं न्यूयॉर्कच्या बागेत बसून युकुलेलेवर वाजवलं आणि 2006 च्या सुमारास ती चित्रफीत जगभर फिरली. मामा पूर्ण बघतात. मग म्हणतात, ‘‘त्याचं सॉलिड असेल.’’ आहेच. त्याचं कामाका आहे. वादात मामांनी जिंकलेला हा एकमेव मुद्दा, तो त्यांना खुशाल द्यावा.

प्लायच्याही पुढे जायचं असेल, तर प्लॅस्टिक आहे. नाक मुरडू नये. जँगो राइनहार्टनं ज्या घाटाची गिटार वाजवून नाव कमावलं, ती आखणारा इटालियन कारागीर मारिओ माकाफेरी अमेरिकेत जाऊन प्लॅस्टिकचे कपड्यांचे चिमटे करत होता. त्यानंच 1949 मध्ये प्लॅस्टिकचं ‘आयलंडर’ युकुलेले बाजारात आणलं. दूरचित्रवाणीवर आर्थर गॉडफ्रेनं युकुलेले वाजवायला आणि लोकांनी हे स्वस्त वाद्य लाखांनी उचलायला गाठ पडली. आज कार्बन फायबर मिसळलेल्या पॉलिकार्बोनेटची युकुलेले मिळतात. कर्नाळ्याला पावसाळी सहलीला नेली, भिजली, पुसली, की पुन्हा वाजायला तयार. आईला हा पर्याय मनापासून पटतो, कारण ओल्या फडक्यानं पुसता येणारी वस्तू तिच्या दृष्टीनं कधीच वाईट नसते. मुलीला तो पटत नाही. तिला लाकडी रंगाचंच हवं असतं आणि वाजवणार तीच असल्यानं इथे तिचं पहिल्यांदा ऐकलं जातं.

शेवटचा प्रश्न आईचा : ‘‘याची परीक्षा असते का?’’ असते. लंडनच्या रॉकस्कूलच्या युकुलेलेच्या ग्रेड आहेत, प्रमाणपत्र मिळतं. आईच्या चेहऱ्यावर समाधान पसरतं. मुलीच्या चेहऱ्यावरचं त्याच क्षणी मावळतं.

मग घासाघीस. किमतीत दुकान फारसं हलत नाही, म्हणून बाबा ‘‘वर काय देणार?’’वर येतात. पिशवी, पट्टा, पिक, कापो (सगळ्या तारा एकदम दाबून धरणारा चिमटा) आणि ट्यूनर असा अहेर मिळतो. पिक लागत नाही, युकुलेले बोटांनी वाजतं. ती परत करून जास्तीच्या तारांचा जुडगा मागावा, हा शहाणपणाचा सौदा. पिशवीत बुटांच्या खोक्यांतल्या ‘खाऊ नये’ छापलेल्या सिलिका जेलच्या पुड्या टाकल्या, की पावसाळ्याचीही सोय झाली.

नव्या तारा ताणल्या जात राहतात आणि पहिला आठवडा-दीड आठवडा सूर उतरत राहतो. वाद्य खराब निघालं म्हणून या दिवसांत परत करू नये. पण हे दुकानातल्या मुलानं सांगितलं तेव्हा मामा मोठ्या पितळी झांजा बघत होते. त्यामुळे संध्याकाळच्या पनवेल लोकलमध्ये खिडकीची जागा मिळवून ते वाद्य जुळवायला बसतात. वडाळ्याला सा लागतो, कुर्ल्याला उतरतो. मानखुर्दपर्यंत धैवताला ताळ्यावर आणावं, तर वाशीच्या पुलावर गंधार हातचा गेलेला. शेजारच्या बाकावर भजनी मंडळ टाळ काढून तयार. त्यांचे बुवा बराच वेळ हा खटाटोप पाहत असतात. सानपाड्याला ते वाकून विचारतात, ‘‘आम्ही काळी दोनला गातो. यात लागेल का?’’

मामा मान हलवणार, तेवढ्यात मुलगी पिशवीतून कापो काढते आणि तिसऱ्या पडद्यावर चिमटते. पांढरी एकची झाली काळी दोन. बुवा मामांकडे बघतात आणि म्हणतात, ‘‘मग तुम्ही जरा सरकून घ्या, पोरीला इकडे बसू द्या.’’